जुन्या आगीच्या बंबाचा फ्रेम केलेला फोटो: साल कसं ठरवायचं, फ्रेम कशी बदलायची?

पितळी_घंटा (धागाकर्ता)

किनारपट्टीवरच्या एका नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रातला फोटो आहे. १४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनाआधी तो नव्या फ्रेममध्ये दर्शनी भिंतीवर लावायचं ठरलंय. जाणकारांनी मदत करावी.

फोटो कृष्णधवल, आडवा, १२ × १० इंच. सागवानी फ्रेम. माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) नाही, काच थेट फोटोला टेकलेली. उजव्या खालच्या कोपऱ्यात साधारण दोन इंच भाग काचेला चिकटलाय, तिथे ओलं असल्यासारखा गडद चकचकीत डाग दिसतो. कडांना निळसर चंदेरी झाक. मागे प्लायवूड, गंजलेले खिळे, तपकिरी कागदी पट्टी.

चित्रात उघड्या बॉडीचा बंब. रेडिएटरवर 'डेनिस' हे नाव स्पष्ट वाचता येतं. दोन्ही बाजूंना जवान पाठीला पाठ लावून, तोंडं रस्त्याकडे करून बसलेत. वर लाकडी शिडी, ड्रायव्हरशेजारी घंटा, टायर हवेचे. नंबरप्लेटवर 'बीएमवाय' आहे, पुढचे आकडे पुसट. गाडी जवळपास काळी दिसते. फ्रेमवर पितळी पट्टी ठोकलीय: 'पहिला बंब, १९२०'.

प्रश्न तीन. साल बरोबर आहे का? चिकटलेला भाग कसा सोडवायचा? आणि फ्रेमवाला 'नवीन हार्डबोर्ड टाकून, फेव्हिकॉलने चिकटवून चकाचक करून देतो' म्हणतोय, तर द्यावा का?

---

होज_६३

तिसऱ्याचं उत्तर आधी: देऊ नका. फ्रेमवाल्याकडे फोटो गेला की तो पहिल्या दहा मिनिटांत काचेपासून ओढून काढेल.

आता साल. १९२० हे फोटोचं साल असूच शकत नाही, कारण नंबरप्लेट. वाहन नोंदणीची तीन अक्षरी पद्धत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतर आली. मुंबई प्रांतातल्या 'बीएम'ने सुरू होणाऱ्या मालिका त्यातल्याच. म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं ते १९३९ नंतर.

---

लाकडी_शिडी

पण गाडी १९२० ची असून फोटो नंतर काढलेला असेल तर? जुन्या गाड्यांनाही नवीन नंबर मिळाले असतीलच की.

---

होज_६३

बरोबर पकडलंत. प्लेट फोटोचं साल सांगते, गाडीचं नाही. गाडीसाठी गाडीच बघावी लागेल.

डेनिस ही इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची कंपनी. त्यांचा पहिला मोटार बंब १९०८ चा, ब्रॅडफर्ड शहरासाठी बनवलेला. तेव्हा १९२० सालचा डेनिस असणं अशक्य नाही. पण त्या काळच्या अवजड गाड्या भरीव रबरी टायरवर धावत, हवेचे टायर त्यांना नंतर आले. आता घोळ असा की जुन्या गाड्यांचे टायर पुढे बदलूनही घेत. म्हणून नुसता टायर बघून निकाल देऊ नका. पुढच्या चाकात, रिमच्या आत ब्रेकचा ड्रम दिसतो का बघा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अवजड गाड्यांना ब्रेक फक्त मागे असत, पुढचे ब्रेक दशकाच्या उत्तरार्धात रुळले. पुढे ड्रम आणि चाकं दाबीव पत्र्याची असतील तर गाडी १९२० ची नाही. जाड ओतीव आरे आणि पुढे ड्रम नाही, असं दिसलं तर जुनी गाडी नव्या टायरवर उभी आहे असं धरायला जागा आहे.

पाठीला पाठ लावून बसायच्या बॉडीला 'ब्रेडवुड' म्हणतात. एडिनबरा आणि नंतर लंडनचा अग्निशमन प्रमुख जेम्स ब्रेडवुड, १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून गेला, त्याचं नाव. वळणावर माणसं बाहेर फेकली जात, हा तिचा कायमचा दोष. म्हणून १९३० च्या दशकात आत तोंड करून बसायच्या आणि पूर्ण बंद बॉड्या आल्या. पण उघड्या बॉडीच्या गाड्या त्यानंतरही वर्षानुवर्षं सेवेत होत्या. तेव्हा बॉडीवरून 'याआधीची नाही' असं म्हणता येत नाही, आणि 'यानंतरची नाही' असंही नाही.

---

भिंगवाला

रंगाबद्दल. गाडी काळी नव्हती, लालच असणार. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आणि काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नाही, त्यामुळे प्रिंटमध्ये तो काळा उतरतो. पॅनक्रोमॅटिकवर, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मवर, तोच लाल मध्यम करडा येतो. मथळ्यात कोणी 'काळ्या रंगाचा दुर्मिळ बंब' लिहू नये म्हणून सांगितलं. रंगीत करून देणारी ॲप गाडीला काळा किंवा गडद हिरवा देतात ते याच कारणाने.

शिवाय फोटो उलटा छापलेला नाही ना, हे पाहून घ्या. नंबरप्लेटची अक्षरं सुलटी आहेत, तेव्हा इथे प्रश्न नाही. अक्षरं नसतील तिथे स्टिअरिंग उजवीकडे आहे का बघतात.

---

चंपक_नाही

काच चिकटली असेल तर किटलीची वाफ द्यायची, सुटते. सोपं आहे.

---

खळ_आणि_कागद

कृपया कोणी वाफ देऊ नका!

अशा जुन्या कृष्णधवल (ब्रोमाइड) प्रिंटवर वरचा थर जिलेटिनचा असतो आणि चित्राची चांदी त्याच थरात असते. दमट हवेत जिलेटिन फुगून मऊ होतं, काचेला टेकलेलं असेल तर तिला घट्ट बसतं आणि सुकल्यावर काचेइतकं गुळगुळीत होतं. तुम्हाला दिसणारा गडद चकचकीत डाग तो हाच. वाफेने जिलेटिन पुन्हा मऊ होतं, पण ते काच सोडण्याऐवजी कागद सोडतं. फोटो हातात येतो आणि चेहरे काचेवर राहतात. पाण्यात भिजवणं, स्पिरिट, सुरी, दात साफ करायचा दोरा, यांतलं काहीही घरी करू नका. चिकटलेला फोटो काचेसकट एकच वस्तू समजायचा. सोडवायचाच असेल तर फोटो-संवर्धकाकडे, आणि तोही बऱ्याचदा 'आहे तसा ठेवा' म्हणतो.

चंदेरी झाक म्हणजे चांदीचे कण ओलाव्याने आणि हवेतल्या वायूंनी पृष्ठभागावर येऊन बसलेत. कापसाने पुसली तर जाते, पण तिच्याबरोबर चित्राचा गडद भागही जातो. पुसायची नाही.

फ्रेम मागून उघडण्याचा क्रम:

१. टेबलावर धुतलेली सुती चादर दोन पदरी घालून फ्रेम पालथी ठेवा. आधी काचेच्या चारी कडा तपासा. तडा असेल तर समोरून रुंद मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या लावा, मगच पालथी करा.

२. प्रत्येक थर काढण्याआधी त्याचा फोटो घ्या. कागदी पट्टी कापताना ब्लेडचं पातं लाकडाच्या बाजूला कलतं धरा.

३. गंजलेले खिळे वर उचकटू नका, प्लायवूड वाकून फोटोवर दाब येतो. पकडीने फ्रेमच्या पातळीतच, आतल्या दिशेला सरळ ओढा. तुटला तर तसाच राहू द्या.

४. प्लायवूड फोटोला चिकटलंय का ते पोस्टकार्डाएवढा पातळ कागद सरकवून बघा. अडला तर थांबा.

५. फ्रेमवाले भरणीला वर्तमानपत्र घालत. ते फेकू नका. त्याची तारीख फ्रेम कधी बांधली त्याचा अंदाज देते, फोटोची नाही. वेगळ्या पाकिटात ठेवा. त्याचा आम्ल कागद फोटोशेजारी नको.

६. फोटोच्या पाठीवर शाईचा शिक्का, पेन्सिलची नोंद, स्टुडिओचं नाव असेल तर आधी फोटो, मग नोंद. खोडरबर लावू नका.

---

भिंगवाला

पाठ उघडी झालीच तर एक चाचणी करून घ्या. ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मिळते, नोटा तपासायला वापरतात तसली. अंधारात पाठीवर मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन) आहे, आणि फोटोच्या कागदात ते १९५० च्या दशकाच्या मध्यापासून घालू लागले. चमकला तर प्रिंट त्यानंतरची हे पक्कं. नाही चमकला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, पुढेही बिनब्राइटनरचे कागद निघतच होते.

सावधगिरी: डिटर्जंटने धुतलेली चादरही चमकते. ती झाकून काळ्या कागदावर चाचणी करा. आणि टॉर्च डोळ्यांकडे नको.

कागद प्लॅस्टिकसारखा लागला तर तो रेझिन कोटेड (प्लॅस्टिकचा थर दिलेला), म्हणजे साधारण १९७० च्या पुढचा. पाठीवर 'इंदू'चा छाप निघाला तर कागद उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. तो कारखाना १९६० च्या दशकातला.

---

पितळी_घंटा

मागची बाजू उघडली. प्लायवूड सुटं होतं. आत वर्तमानपत्र नाही, जाड पिवळा पुठ्ठा होता. फोटोची पाठ कोरी. कागद जाड, प्लॅस्टिकचा नाही. टॉर्चखाली मध्यभाग स्वच्छ निळसर चमकतो, कडा पिवळ्या पडल्यात तिथे कमी.

भिंगातून आणखी एक दिसलं. चित्राच्या चारी कोपऱ्यांत बारीक गोल खुणा आहेत, टाचणीच्या असाव्यात. पण बोटाला भोक लागत नाही.

---

भिंगवाला

मग उलगडलं. भोकं मूळ प्रिंटला होती. ती भिंतीला किंवा फळ्याला टाचलेली असताना कोणी तिचाच फोटो काढला. तुमच्याकडची प्रिंट ही फोटोचा फोटो आहे, आणि तीही १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरची. काळा भाग सपाट, चेहऱ्यांवर तपशील कमी, बारीक पांढरे ठिपके सगळीकडे, असंही दिसत असेल. प्रतीची ती नेहमीची लक्षणं.

म्हणजे तारखा दोन: चित्रातला प्रसंग १९३९ नंतरचा, हातातला कागद साधारण १९५५ नंतरचा. पट्टीवरचं १९२० दोन्हींत बसत नाही.

---

लाकडी_शिडी

मग मूळ प्रिंट कुठे असेल? आणि ही प्रत असेल तर एवढे सोपस्कार कशाला?

---

दप्तरदार

मूळ हाती लागेपर्यंत हीच मूळ. टाकून द्यायची घाई नको.

गाडीचं साल कागदपत्रांत शोधा, तिथे ते भिंगापेक्षा लवकर सापडतं. नगरपालिकेत बघायच्या जागा: सर्वसाधारण सभेच्या ठरावांचं बुक (खरेदीचा ठराव), जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर (गाडी आली ती तारीख, किंमत, इंजिन आणि चासी क्रमांक), लॉगबुक, आणि निर्लेखनाचा, म्हणजे गाडी बाद करण्याचा, प्रस्ताव. निर्लेखनाची तारीख फार उपयोगी, कारण ती फोटोची वरची मर्यादा देते. प्लेटवरून ती मर्यादा मिळत नाही: १९६० नंतर महाराष्ट्रात 'एमआर'सारख्या मालिका आल्या तरी जुन्या गाड्या जुन्याच पाटीवर फिरत होत्या.

आणि 'पहिला' हा शब्द ठरावाशिवाय वापरू नका. मोटार बंबाआधी हातपंप किंवा बैलगाडीवरची टाकी असेल, तर पहिला कोण यावर पुढची दहा वर्षं वाद होईल.

---

होज_६३

स्कॅन झाला की पंपाचा भाग मोठा करून टाका. तांब्याचा मोठा घुमट (हवेचा कोठा) दिसला तर दट्ट्याचा पंप. गोगलगायीसारखं गोल आवरण दिसलं तर सेंट्रिफ्यूगल, म्हणजे फिरत्या पंख्याने पाणी ढकलणारा. डेनिसवाल्यांचा कल पहिल्यापासून सेंट्रिफ्यूगलकडे, मेरीवेदर या दुसऱ्या इंग्रज बंब-कंपनीच्या जुन्या गाड्यांवर तीन सिलिंडरचा 'हॅटफील्ड' दट्ट्याचा पंप असे. सेंट्रिफ्यूगल पंप स्वतः हवा खेचू शकत नाही, त्याला आधी हवा काढून पाणी वर आणणारा प्रायमर लागतो, म्हणून शेजारी एक लहान पंप किंवा लिव्हर दिसेल.

डिलिव्हरीची (पाणी बाहेर पडायची) तोंडं मोजा, आणि कपलिंग, म्हणजे नळी जोडायचे सांधे, कसली आहेत ते बघा. आटे असलेली जुनी, खटकन बसणारी अडीच इंची (६३ मिमी) इन्स्टंटेनियस नंतरची. बाजूला टांगलेली जाड नळी म्हणजे पाणी ओढून घ्यायची सक्शन होज, तिच्या टोकाला जाळीचा स्ट्रेनर. क्षमता गॅलनमध्ये लिहिलेली सापडली तर ब्रिटिश गॅलन धरा, ४.५४६ लिटरचा. ५०० गॅलन म्हणजे मिनिटाला साधारण २२७० लिटर. अमेरिकन गॅलनने गुणलं की आकडा सहाव्या हिश्श्याने घसरतो.

हेल्मेट पितळी आहेत? लंडनमध्ये ती १९३० च्या दशकात गेली, कारण पितळ वीज वाहून नेतं. पण फोटोसाठी आणि संचलनासाठी ठेवणीतली काढत, तेव्हा त्यावर साल ठरवू नका. हेडलाइट अर्धे काळे असतील तर ब्लॅकआउट. तिथेही घाई नको: दुसरं महायुद्ध, १९६५ आणि १९७१, तिन्ही वेळा दिवे काळे केले होते.

---

भिंगवाला

स्कॅनबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. काचेसकट स्कॅन करायचा असल्याने पातळ, यूएसबीवर चालणारा सीआयएस स्कॅनर चालणार नाही. त्याला खोली मिळत नाही, दोन मिलिमीटर काचेमागचं चित्र धूसर येतं. सीसीडी फ्लॅटबेड, म्हणजे जाड, खोलीतलंही स्पष्ट टिपणारा स्कॅनर हवा. ६०० पीपीआय (इंचाला पिक्सेल), १६ बिट, फाइल टिफ प्रकारची. १२ × १० इंचाला ७२०० × ६००० पिक्सेल होतात, रंगीत मोडमध्ये फाइल साधारण २६० एमबी. कृष्णधवल असला तरी रंगीत मोडच ठेवा, पिवळेपणा आणि डाग वेगळे ओळखता येतात.

फोटो काही जागी काचेला चिकटलेला आणि काही जागी सुटा असला की इंद्रधनुष्यी वलयं येतात. तसं झालं तर कॅमेऱ्याने घ्या: ५० ते ६० मिमी मॅक्रो, एफ ८, आयएसओ १००, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, दिव्यांपुढे पोलरायझर शीट आणि भिंगावर पोलरायझर ९० अंश फिरवून. चंदेरी झाकेची चमक यात बरीच मरते. कॅमेऱ्याभोवती काळं कापड, नाहीतर काचेत तुमचीच सावली येईल.

नंबरप्लेटचे पुसट आकडे एआयने वाचून घेऊ नका. ते वाचत नाही, बनवतं. चेहऱ्यांचंही तेच.

---

पितळी_घंटा

भिंत रंगवायचं काम मार्चअखेर आहे, ऑइलपेंट. जागा गाड्या उभ्या राहतात त्या हॉलमध्ये, दरवाजासमोर. चालेल ना?

---

खळ_आणि_कागद

दोन्ही नाही चालणार, आणि या धाग्यात सर्वांत महत्त्वाचं हेच.

ऑइलपेंट सुकताना पेरॉक्साइड सोडतो. ते चांदीला खातं, आणि फोटोवर बारीक तांबूस-पिवळे ठिपके उठतात. ते परत जात नाहीत. रंगानंतर किमान चार आठवडे, खिडक्या उघड्या ठेवून, मगच फोटो. १४ एप्रिल त्यात बसत नाही.

गाड्यांच्या हॉलमध्ये डिझेलचा धूर. नायट्रोजन आणि गंधकाचे ऑक्साइड चांदीचे वैरीच, शिवाय काजळी. बॅटरी चार्जिंगची जागाही तिथेच असते. दरवाजासमोर म्हणजे ऊन आणि पावसाळ्यात झड. मूळ फोटो तिथे कधीच नको. हॉलमध्ये स्कॅनवरून काढलेली पिगमेंट शाईची प्रत लावा. १८ × १५ इंचाला ३०० पीपीआयने ५४०० × ४५०० पिक्सेल लागतात, तुमच्या स्कॅनमध्ये ते आहेत. १४ तारखेला तीच लावा. मूळ आतल्या कार्यालयात, आतल्या भिंतीवर, बाहेरच्या ओल्या भिंतीवर नाही.

मूळची फ्रेम. काच आणि फोटो तसेच एकत्र. पिवळा पुठ्ठा आणि प्लायवूड बाद, त्याजागी आम्लमुक्त बोर्ड आणि त्यामागे ३ ते ४ मिमी पॉलिप्रॉपिलीनची पन्हळी शीट. दाबून बसवायची नाही, नुसती टेकेल इतपत. खिळ्यांऐवजी लवचीक पत्र्याच्या पट्ट्या. मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी किंवा बुचाचे ५ मिमीचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल. सागवानी फ्रेम राहू द्या, फक्त आतल्या खाचेला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, लाकडाची आम्लं फोटोपर्यंत येत नाहीत.

काच साफ करताना स्प्रे मारायचा नाही. कापड किंचित ओलं करून फक्त बाहेरून. अमोनियावाला क्लीनर नको. डांबरगोळ्या आत घालू नका. सिलिका जेलची पुडी आपल्याकडच्या जुलैत काही दिवसांत भरते आणि मग नुसती ओली पिशवी आत राहते. त्यापेक्षा पावसाळाभर फोटो कोरड्या कपाटात ठेवा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी सुरू.

---

लाकडी_शिडी

प्रतीच्या फ्रेमची मापं कोणी देईल का? आणि तिला खळ चालेल की टेप?

---

खळ_आणि_कागद

१८ × १५ ची प्रत असेल तर माउंटची खिडकी १७¾ × १४¾, म्हणजे प्रत्येक बाजूने ⅛ इंच झाकलं जातं. फ्रेमचं आतलं माप २४ × २१ घेतलं तर डावी-उजवी पट्टी ३⅛, वर २⅞, खाली ३⅜. खाली अर्धा इंच जास्त ठेवतात, नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. काच २ मिमी, दोन माउंटबोर्ड प्रत्येकी १.५ मिमी, मागची शीट ४ मिमी, एकूण ९. फ्रेमची खाच १२ मिमी तरी हवी. फोटो आणि काच यांत अंतर राहतं ते माउंटमुळे. मूळ फोटोची जी गत झाली ती हे अंतर नव्हतं म्हणूनच.

बिजागऱ्या, म्हणजे प्रत बोर्डाला टांगायच्या कागदी पट्ट्या, वरच्या कडेलाच, दोन, जपानी टिश्यूच्या. गव्हाच्या स्टार्चची खळ घरी शिजवता येते: एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गार करून बारीक चाळणीतून दोनदा काढायची. मैदा नको. आणि बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ती खळ फोटोजवळ अजिबात नको. चारी बाजू चिकटवायच्या नाहीत, कागद दमट हवेत फुगतो आणि पोट काढतो.

---

पितळी_घंटा

सर्वांचे आभार. ठरलं ते असं: हॉलमध्ये प्रत १४ ला, मूळ आतल्या खोलीत मेच्या मध्यानंतर. डेडस्टॉक रजिस्टरसाठी अर्ज दिलाय.

पितळी पट्टी काढली, फेकली नाही, पाकिटात ठेवलीय. नवीन मथळा माउंटखाली वेगळ्या पट्टीवर: 'डेनिस बनावटीचा उघडा बंब. छायाचित्र १९३९ नंतरचे. ही प्रत नंतरच्या छायाप्रतीवरून. पूर्वीच्या पट्टीवर "पहिला बंब, १९२०" असा मजकूर होता.' चालेल?

स्कॅन करून पाहिला. पुढच्या चाकात ड्रम आहे, चाक पत्र्याचं. उजवीकडून दुसऱ्या जवानाच्या हातात ब्रांच (होजच्या टोकाची पाणी मारायची नळी) आहे, तिला बंद करायची कॉक दिसत नाही.

---

होज_६३

मथळा चालेल. ड्रम आणि पत्र्याचं चाक म्हणजे गाडीही १९२० ची नाही, ते रजिस्टर येईपर्यंत पेन्सिलने नोंदवून ठेवा.

कॉक नसलेली ब्रांच म्हणजे पाणी बंद करायचं तर पंपावरच्या माणसाला ओरडून सांगायचं, नाहीतर निरोप्या पळवायचा. तिच्या मागच्या टोकाचं कपलिंग मोठं करून टाका, आटे आहेत की खटका ते बघू.